न धुतलेली ओंजळ

रेती धुवायला बसलं की दुपार कुठे जाते कळत नाही. बादलीत तीन-चार ओंजळी रेती घ्यायची, वर पाणी सोडायचं, हात तळापर्यंत घालून गोल फिरवायचा आणि रेती खाली बसायच्या आत गढूळ पाणी ओतून द्यायचं. पहिलं पाणी चहासारखं येतं, पाचवं-सहावं ताकासारखं, आणि मग कितीतरी वेळ ते ताकासारखंच राहतं. आता झालं, आता झालं म्हणत आपण पुन्हा नळ सोडतो. यंदा दिवाळीनंतर तलासरीच्या आमच्या घरामागे, कढीपत्त्याच्या झाडाखाली, मी असे लागोपाठ तीन रविवार काढले. पलीकडे हायवेवरून ट्रक जात होते आणि मी पन्नाशी उलटलेली बाई पाटावर बसून वाळू खेळत होते.

त्याला कारण ऑफिसातल्या एका मॅडमची बदली. त्यांनी सामान बांधताना आपली काचेची फिशटँक माझ्या गळ्यात घातली. फुटेल हो नेताना, तुम्हीच ठेवा, म्हणाल्या. मी मासे आवडीने खाणारी. त्यांच्याकडे नुसतं बघत बसायचं ही कल्पना मला जरा जडच गेली. दोन महिने त्या टाकीत मी कांदे ठेवले होते. मग एकदा डहाणूला काम निघालं, माशांच्या दुकानासमोर उगाच थांबले, आणि तळाशी फिरणारे ते मिशीवाले मासे दिसले. बोटाच्या दोन पेरांएवढे. आमच्या नदीतल्या शिंगटीची जणू बाहुलीच. सगळे मासे वर मिरवत होते आणि हे आपले खाली, माती हुंगत. मला ते एकदम आपल्यातले वाटले.

दुकानदार पन्नाशीचा, अर्धं गुजराती अर्धं मराठी बोलणारा. त्याच्या फळीवर निळे, गुलाबी, पोपटी खडे पिशव्यांत भरून ठेवले होते. मी गुलाबी पिशवीला हात घातला तर त्याने ती माझ्या हातून काढूनच घेतली. हे मासे तोंड रेतीत खुपसतात, दाणे तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडतात, त्यातच त्यांचं खाणं आणि त्यातच त्यांचा खेळ, असं त्याने मला समजावलं. टोकदार रेती असली की मिशा झिजतात. मग तो मासा उपाशी राहतो.

मी म्हटलं, रेतीला काय तोटा, समुद्र तर पाच मिनिटांवर आहे. असं म्हणणारं गिऱ्हाईक त्याला नवं नसावं. त्याने काउंटरखालून एक बरणी काढली. आपल्याच किनाऱ्याची रेती. चिमूटभर बशीत घेऊन त्याने वर व्हिनेगर सोडलं. बशीतली रेती सोड्यासारखी फसफसली.

"शिंपल्यांचा चुरा आहे, बेन. पाणी जड होतं. ह्यांना नदीचीच रेती आणा. मऊ."

नदीची म्हटल्यावर मला आधी आठवला तो माझा गाल.

माझी आत्या, आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, वाणगावला दिलेली होती. तिची बाजारात भट्टी होती. चणे, शेंगदाणे, मक्याचे दाणे, तांदळाच्या लाह्या, जे कुणी आणेल ते ती मोठ्या लोखंडी कढईत गरम रेतीत भाजून द्यायची. मी शाळेसाठी सहा वर्षं तिच्याकडे होते. आमचं गाव सायवन, डोंगराकडचं, तिचं माहेर. भट्टीची रेती तिकडचीच लागायची. वाणगावच्या आसपास रेती नव्हती असं नाही, पण माहेरच्या नदीची ती माहेरच्या नदीची. दिवाळी झाली, भात कापून झालं, नदी घोट्याएवढी उरली की आम्ही दोघी एसटीने सायवनला जायचो.

फुई नदी वळते तिथे, वळणाच्या आतल्या अंगाला बसायची. बाहेरच्या अंगाला धोंडे, आतल्या अंगाला बारीक रेती, हे तिला कुणी शिकवलं होतं ठाऊक नाही. मग तिच्या परीक्षा सुरू व्हायच्या. मूठभर रेती कानाशी नेऊन तळव्यांत चोळायची. मातीची रेती गप्प असते आणि चांगली बोलते, असं तिचं म्हणणं. मग दोन दाणे जिभेवर. मग पाण्यात सोडून बघायची, सरळ तळाला जाते की रेंगाळते. आणि शेवटी माझा गाल. माझी कातडी पातळ म्हणून ती रेती माझ्या गालावर हलकेच फिरवायची. बोचली का, विचारायची. मी हो म्हटलं की ती रेती नदीला परत. दाण्याला ओरखडा पडला तर साल सुटते आणि फुटाणा काळा पडतो. एकदा मला घरी जायची घाई होती म्हणून बोचत असूनही नाही म्हटलं. तिने माझा लाल गाल बघितला, पाटी उपडी केली आणि पन्नास पावलं पुढे जाऊन पुन्हा बसली. त्या दिवशीची शेवटची एसटी चुकली.

वाणगावला आणून रेती तीनदा चाळायची. पहिल्या चाळणीत खडे राहत, दुसरीतून कामाची रेती पडे, तिसरीतून धूळ. मग धुवायची, अगदी मी आता धुते तशी, आणि अंगणात चादरीवर वाळत घालायची. मी कोंबड्या हाकायला. वाळल्यावर कढईत नुसती रेती, धान्याशिवाय, तासभर तापवायची. तेव्हा एक कोरा, तापल्या दगडासारखा वास सुटायचा. तो वास मी नंतर कुठेच घेतला नाही. आणि सगळ्यात शेवटी, निवल्यावर, गेल्या वर्षीच्या जुन्या रेतीतली एक ओंजळ या नव्या रेतीत घालायची. दुधात विरजण लावतात तसं. नवी रेती नुसती रेती असते, भाजायचं कसं ते तिला जुनी शिकवते, असं फुई सांगायची. ही जुनी ओंजळ मात्र धुवायची नाही. तिला पाणी लागू द्यायचं नाही. फुईला ती तिच्या सासूने दिली होती, सासूला तिच्या सासूने. मागे किती भट्ट्या होत्या कुणास ठाऊक.

ती ओंजळ मागायलाही बायका यायच्या. डहाणूला भट्टी घालणारी एक बाई आलेली मला आठवते. फुईने ओंजळीतून तिच्या ओंजळीत रेती सोडली आणि हात तसेच ठेवले. मी शेजारी उभी, माझ्याही हाताला थोडी लागली होती, मी ती फ्रॉकला पुसून हात झटकले तर पाठीत एक धपाटा बसला. ओंजळ नेणारीचा पहिला घाणा नीट उतरला असा निरोप येईपर्यंत देणारीने हात झटकायचे नसतात. तोवर ती तिची जबाबदारी. घाणा म्हणजे एका वेळी कढईतून भाजून निघतं तेवढं. आठ दिवस फुई कामं झाल्यावर हात पदराला पुसत होती, झटकत नव्हती. बाजारच्या दिवशी निरोप आला, लाह्या मोगऱ्यासारख्या फुलल्या. फुई दारात गेली आणि दोन्ही हात एकमेकांवर असे झटकले, टाळी वाजावी तसे. मग आत येऊन चहा टाकला.

त्या घरातली वर्षं मला महिन्यांनी आठवत नाहीत, भाजण्याने आठवतात. श्रावण म्हणजे नागपंचमीच्या लाह्या. होळीला गुजराती गिऱ्हाईकं ज्वारीच्या धाणीसाठी, म्हणजे लाह्यांसाठी, रांग लावायची, आणि ज्वारी रेतीत पडली की आधी क्षणभर काहीच व्हायचं नाही, फुई झारा उचलून थांबायची, आणि मग एकदम सगळी कढई तडतडायची. पावसात रेती सर्द व्हायची, तेव्हा फुईची चिडचिड. मी भट्टीजवळ अभ्यास करायची, माझ्या वह्यांच्या कडा काळ्या. वर्गात मुली म्हणायच्या, हिच्या वेणीला फुटाण्यांचा वास येतो. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी फुईला सांगून शिकेकाईऐवजी दुकानातला शाम्पू आणवला. तिने काही न विचारता आणला. आज कुणी माझ्या केसांना तो वास परत आणून दिला तर मी काय वाटेल ते देईन.

भट्टी बंद झाली ती कशी, ते सांगत बसत नाही. सगळ्याच बंद झाल्या. धुराने फुईचे डोळे अधू झाले होते, तिला मूलबाळ नव्हतं, माझा भाऊ तिला सायवनला घेऊन गेला. निघताना तिने गोड्या तेलाच्या एका जुन्या डब्यात तिची ओंजळ भरून माझ्या हातात दिली. कुणाच्या तरी रेतीत घाल, एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. तेव्हा ते मला फार सोपं वाटलं होतं.

अकरा वर्षं तो डबा माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर होता. भट्टीवालं कुणी मला भेटलंच नाही. एक-दोन जण होते ते मशीनवर भाजायचे, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी डब्याचं नावही काढलं नाही. सायवनला गेले की फुई विचारायची, घातलीस का? मी म्हणायची, बघते. मग गेल्या वर्षीपासून तिने विचारणं सोडलं. आता तिला दिसत नाही, ऐकू मात्र स्वच्छ येतं, आणि मी गेले की ती भाऊ, भात, पाऊस असं सगळं बोलते आणि ते तेवढं बोलत नाही. ती विचारायची तेव्हा मी चिडायची. ती विचारेनाशी झाली तेव्हा मला भीती वाटू लागली.

म्हणून यंदा सायवनच्या नदीची एक बादली रेती धुऊन, उकळून, वाळवून टाकीच्या तळाशी पसरली, मागे थोडी चढती, पुढे उतरती, आणि तळहाताने सारखी करताना ती माझ्या हाताला इतकी ओळखीची लागली की मी उठले आणि फळीवरचा डबा काढला. रेतीच आहे की ही. आणि इथे ती कोणाला तरी उपयोगी पडणार आहे. मी ती ओंजळ, रीतीप्रमाणे न धुता, त्या रेतीत घातली आणि बोटांनी कालवली. काळी रेती करड्या रेतीत मिसळून गेली. रेती उसळू नये म्हणून वर बशी ठेवून बशीवर पाण्याची धार धरली. मन इतकं हलकं झालं होतं की त्याच संध्याकाळी भावाला फोन लावून फुईला सांगणार होते. बरं झालं लागला नाही.

आठ दिवस पंप लावून पाणी नुसतं फिरू द्या, असं दुकानदाराने बजावलं होतं. मी दोन दिवसांत पाच मासे आणून सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उचललं आणि फुटाण्यांचा वास आला. खरोखरचा, खमंग, वाणगावच्या दारातला. क्षणभर मी डोळे मिटून तो घेत राहिले. मग खाली पाहिलं. पाण्यावर तेलाचा तवंग होता. किती वर्षांच्या शेंगदाण्यांचं तेल, किती चण्यांचं मीठ, किती लाकडांची काजळी त्या ओंजळीत मुरली होती, ते सगळं सुटून वर आलं होतं. मासे वर तोंड काढून आ वासत होते. कधी वर न येणारे मासे. एक तर आडवाच झाला होता.

दुकानदाराला फोन केला. त्याने आधी मासे बादलीत काढायला लावले आणि मग विचारलं, रेतीत काय घातलं? मी खरं सांगितलं. तो म्हणाला, बेन, सगळी रेती काढा, उकळत्या पाण्याने धुवा, वास जाईपर्यंत.

सगळी. तिच्यात ती ओंजळही आली. वेगळी काढायची म्हटली तरी आता कशी काढणार? मी कढीपत्त्याखाली बसले, उकळतं पाणी ओतलं, हात फिरवला आणि काळं पाणी झाडाच्या बुंध्याशी सोडलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. जे कुणी कधी धुतलं नव्हतं ते मी धुवत होते. फुईच्या सासूचं, तिच्या सासूचं. बारा-तेरा वेळा झाल्यावर वास गेला. मी बादलीत नाक घालून पाहिलं, नुसती रेती. मग मात्र मी तिथेच पाटावर बसून रडले. चार मासे वाचले होते, आणि मला त्यांचा राग येत होता.

पुढच्या रविवारी डहाणूला गेले ते टाकी दुकानदाराच्या गळ्यात घालायला. त्याने ऐकून घेतलं आणि आपल्या सगळ्यात जुन्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला. तळातली मूठभर रेती काढून ओल्या पिशवीत बांधली.

"ही तुमच्या रेतीत घाला. जुन्या टाकीची रेती असली की नवं पाणी लवकर बसतं. माझ्या टाकीत पण मी दुसऱ्याकडून आणूनच घातली होती." आणि मग बोट उगारून म्हणाला, "ही मात्र धुवायची नाही हं, बेन."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याला वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. त्या रेतीत डोळ्यांना न दिसणारं काहीतरी जिवंत असतं, ते पाणी साफ ठेवतं, नळाचं पाणी लागलं की मरतं. मी ती पिशवी मांडीवर धरून एसटीने तलासरीला आले. त्याची मूठ आणि फुईची धुतलेली ओंजळ आता एकाच काचेत आहेत. या वेळी आठ दिवस मी निमूटपणे रिकाम्या पाण्याकडे बघत बसले. मग बादलीतले चार मासे सोडले. त्यांनी तळ गाठला, मिशा टेकवल्या आणि तोंडं रेतीत खुपसून दाणे कल्ल्यांतून उडवायला लागले. काळा दाणा, करडा दाणा, काळा दाणा. मी ऑफिसला उशिरा गेले.

होळीच्या आसपास दुकानदाराचाच फोन आला. तुमच्या तलासरीतच हायवेपलीकडे एक नर्सबाई राहतात, त्यांनी नवी टाकी घेतलीय, तुमच्यातली मूठभर द्याल का? त्या बाई ड्यूटीवरून तशाच आल्या, पांढऱ्या कपड्यांत, हातात वाटी घेऊन. मी म्हटलं वाटी नको, हात पुढे करा. त्या हसल्या, पण केले. मी ओंजळभर रेती त्यांच्या ओंजळीत सोडली, पाणी आमच्या दोघींच्या कोपरांवरून गळत होतं. त्या गेल्या आणि मी हात झटकायला निघाले होते, तोच पाठीवर धपाटा बसल्यासारखी थांबले. हात पदराला पुसले. आठ-दहा दिवस पुसतच होते. मग त्यांचा फोन आला, पाणी काचेसारखं झालंय, मासे खातायत, खेळतायत.

त्याच शनिवारी मी सायवनला गेले. फुई ओट्यावर बसली होती, पाय पसरून, पुढ्यात सुपात वाल. दिसत नसलं तरी दाणा दाणा चाचपून ती किडके वेचून काढते. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, टाकीपासून नर्सबाईंपर्यंत. काही लपवलं नाही. तवंग सांगितला, मेलेला मासा सांगितला, आणि ओंजळ मी धुतली हेही सांगितलं. तिचे हात सुपात थांबले.

"धुतलीस?"

"धुतली. उकळत्या पाण्याने. वास जाईपर्यंत."

तिने हातातला किडका दाणा अंगणात टाकला. मग तिला हसू आलं.

"अगं, ओली रेती कढईत घातली की वाफ धरते, दाणा फुटत नाही. म्हणून धूत नव्हतो आम्ही. तुझ्या कढईत तर पाणीच आहे पोरी."

अंगणात कोंबड्या किडक्या वालांवर तुटून पडल्या होत्या.

"त्या बाईचे मासे जगले?"

"जगले. खातायत, तिने फोन केला होता."

"बोचत नाही ना त्यांना?"

"नाही," मी म्हटलं. "मी गालावर लावून बघितली होती."

फुईने सूप मांडीवरून खाली ठेवलं. मग दोन्ही हात पुढे घेतले आणि एकमेकांवर झटकले, दोनदा, टाळी वाजावी तसे. "चहा टाक," ती म्हणाली.